धुतलेलं लुगडं

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मल्लिकार्जुनची गाडी वलांडीच्या रस्त्यावरून शेतात वळली आणि नेहमीप्रमाणे जमादारानं ती फाटकाशीच अडवली. जमादार म्हणजे घरचं कुत्रं. निजामाच्या काळातल्या खऱ्या जमादारानं नाक्यावर केला नसेल एवढा रुबाब हे कुत्रं फाटकाशी करायचं. चारही चाकं हुंगून झाल्याशिवाय आणि त्यातल्या एकावर तंगडी वर केल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, असा त्याचा कायदा. ही तपासणी चालू असतानाच महानंदा दारात येऊन उभी राहायची आणि पदराला हात पुसत विचारायची, "आलं का माझं नांदेड?" मुलगा, सून असं वेगवेगळं ती मोजतच नसे. सगळे मिळून नांदेड.

या खेपेला दारात मांजर होती. बेगम उंबऱ्यावर बसून पाय चाटत होती. तिनं गाडीकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पायाला लागली. वर्षाराणी दार उघडून एक पाय खाली टाकून तशीच बसून राहिली. सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. दिवस घातल्यानंतर ती आज पहिल्यांदाच येत होती. तेव्हा दारात माणसांची गर्दी होती, म्हणून ते दार रिकामं आहे हे कळलंच नव्हतं.

"उतर की," मल्लिकार्जुन म्हणाला. ती उतरली.

येळवशीला या भागात गावं ओस पडतात. मार्गशीर्षाच्या अमावस्येला घराघराला कुलूप लागतं आणि माणसं शेतात जेवायला जातात, आपल्या नाही तर दुसऱ्याच्या. घरात गमी झालेली, वर्ष सरलेलं नाही, मग सण करायचा की नाही असा प्रश्न भावकीनं काढला होता. सासऱ्यांनी, रेवणप्पांनी, तो एका वाक्यात मिटवला होता. येळवस आपला सण नाही, काळ्या आईचा आहे, आणि तिला सुतक नसतं. त्यातून महानंदाची समाधी शेतातच, बांधाच्या कोपऱ्यात लिंबाखाली. लिंगायताची माती शेतात असते. ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या शेताला आंबील पाजली तिला येळवशीला उपाशी ठेवायचं, हे काही त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

मल्लिकार्जुनच्या डोक्यात मात्र येळवशीपेक्षा तिचा दुसरा दिवस जास्त होता. ठरलं होतं ते असं. सण झाला की रेवणप्पांनी नांदेडला यायचं, कायमचं. शेवरी गाय आणि जमादार शेजारच्या शेतातल्या केरबाकडं राहतील. मांजर घराची असते, माणसाची नसते, तेव्हा बेगम तिचं ती बघून घेईल. हे सगळं त्यानं फोनवरच ठरवलं होतं. तो रेल्वेच्या कचेरीत कामाला होता, आणि सुटलेली गाडी फलाटावर परत घेत नाहीत ही शिस्त त्याच्या अंगात मुरली होती. माणूस वाईट नव्हता. सत्तरी उलटलेला बाप शेतात एकटा, काही झालं तर हाकेला माणूस नाही, या विचारानं त्याची झोप उडाली होती. यावर रेवणप्पा एकच शब्द बोलले होते, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाही, हे फक्त महानंदाला कळायचं. मल्लिकार्जुनला ते हो वाटलं.

उज्वलाला, म्हणजे उदगीरला दिलेल्या त्याच्या बहिणीला, यातलं काहीच मान्य नव्हतं. ती दोन दिवस आधी येऊन कंबर कसून बसली होती. गाडीतली पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं भावाला ऐकवलं की कुलूप घातलेल्या घराला कुणी माहेर म्हणत नाही. मग तिसऱ्या माळ्यावर बसून आप्पांनी कुणाशी बोलायचं, लिफ्टशी का, असंही विचारलं.  मल्लिकार्जुन हात धुवायला गेला. उज्वला रागारागानं बेसन दळून आणायला देवणीला निघून गेली.

वर्षाराणी नवऱ्याच्या बाजूनं होती. का होती, हे तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं. ती इस्लापूरची. आई तिच्या नवव्या वर्षीच गेलेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला कानडी येत नव्हतं आणि महानंदा तर माणसांशी मराठी बोलायची आणि जनावरांशी कानडी. पहाटे गोठ्यातून तिचा आवाज यायचा, लांबलचक, रुसवेफुगवे असलेला, मध्येच हसणारा. काय बोलता एवढं, असं वर्षाराणीनं एकदा विचारलं होतं. "ते कळायला आधी गाय व्हावं लागतंय," असं म्हणून सासू एवढी हसली होती की हातातली चरवी हिंदकळली होती. त्या हसण्यानं वर्षाराणीला या घरात जागा मिळाली. आता ते बोलणं गेलं, निदान आप्पा तरी आपल्या घरात असावेत, त्यांच्या खोकण्यात, चहा बशीत ओतण्यात तरी हे घर थोडं उरेल, असं तिला वाटत होतं. हा तिचा लोभ होता आणि तिनं त्याला कर्तव्य असं नाव दिलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तर तिनं स्वतःशीही पूर्ण उच्चारली नव्हती. महालक्ष्म्यांच्या आधी सासूचा फोन आला होता. दोन दिवस ये म्हणाली होती. डावा हात भरून येतोय, धार काढताना मूठ वळत नाही, तेवढं शेवरीचं बघ. वर्षाराणीच्या शाळेत चाचण्या चालू होत्या. "येते आत्या," असं म्हणून तिनं फोन ठेवला होता आणि गेली नव्हती. नवव्या दिवशी मल्लिकार्जुनला कचेरीत फोन आला. डॉक्टर म्हणाले, हात दुखत होता तेव्हाच दाखवायला हवं होतं.

तर त्या दुपारी काहीतरी काम हाताला असावं म्हणून तिनं घर आवरायला काढलं. डबे पुसले, जाळी काढली, आणि शेवटी गोठ्यात गेली. शेवरी तिथं रवंथ करत उभी होती. देवणी जातीची, पांढऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि कान असे की पाव्हण्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतल्यागत. तिच्या मागच्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला एक मळकं फडकं लोंबत होतं. वर्षाराणीनं ते हातात घेतलं. ते हिरवं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं. तिनंच पहिल्या पगारातून सासूला दिवाळीला नेसवलेलं. शेणाचे डाग, दुधाची वाळलेली पुटं, पेंडीचा आणि घामाचा आंबूस वास.

तिला रडूच आलं. बायको गेली आणि तीन महिन्यांत या माणसानं तिच्या लुगड्याचं पोतेरं केलं, असं तिच्या मनात आलं. सासऱ्याबद्दल इतकं वाईट तिला याआधी कधी वाटलं नव्हतं. तिनं ते हौदावर नेलं. साबणाचा चुरा घालून भिजवलं, दगडावर घासलं, तीनदा खळबळलं, आणि पिशवीतून आणलेलं वासाचं पाणी घालून पुन्हा एकदा पिळलं. एका डागासाठी तर तिनं नखं झिजवली. जे तेव्हा करायचं राहिलं ते आता हातांनी करून टाकावं, अशी ती धूत होती. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं नवं दिसायला लागलं तेव्हा तिला तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दिवस कलल्यावर रेवणप्पा तुरीतून आले, हातपाय धुतले, कपाळाचं भस्म नीट केलं आणि चरवी घेऊन गोठ्यात गेले. लगेच बाहेर आले.

"हितलं लुगडं?"

वर्षाराणीनं हसून दोरीकडं बोट दाखवलं. ते दोरीपाशी गेले. काठ हातात घेतला, नाकापाशी नेला आणि तसेच उभे राहिले. त्या लुगड्याला आता दुकानाचा वास येत होता.

"बरं केलीस, माय," ते म्हणाले. "लई मळलं व्हतं."

बेसनाचा डबा घेऊन उज्वला फाटकातून आत येत होती. तिनं ते बघितलं आणि डबा तिथंच खाली ठेवला. मग तिच्याकडून वर्षाराणीला कळलं, आणि मल्लिकार्जुनलाही, जे अर्ध्या देवणीला माहीत होतं आणि फक्त नांदेडला माहीत नव्हतं. आषाढात शेवरीचं वासरू लंपी रोगानं गेलं. तेव्हापासून ती महानंदाशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती. महानंदा गेल्यावर तीन दिवस कुणालाच धड दूध दिलं नाही, सुया टोचल्यावर जेमतेम कास रिकामी व्हायची. चौथ्या दिवशी रेवणप्पांनी बायकोचं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि तिच्या जागेवर बसले. गाईनं दूध दिलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हा माणूस लुगडं पांघरून धार काढत होता आणि ते धुऊ देत नव्हता. शेतकऱ्याच्या घरात अशी युक्ती नवीन नाही, हात बदलला की लोक करतात. पण दोन-चार दिवस करतात.

त्या संध्याकाळी सगळे गोठ्यात जमले. रेवणप्पांनी ओलं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि खाली बसले. मल्लिकार्जुन गाईच्या डोक्याशी, उज्वला दारात, वर्षाराणी खांबाला धरून. रेवणप्पांनी सडाला हात लावला. तोंड उघडल्यासारखं केलं, मुलांकडं बघितलं आणि मिटलं.  शेवरीनं मान वळवून त्या हिरव्या लुगड्याकडं बघितलं, फुरफुर केली आणि लाथ झाडली. चरवी घरंगळत दारापर्यंत गेली. रोज पहिल्या फेसावर हक्क असलेली बेगम तिच्याजवळ गेली, आत बघितलं आणि परत आली.

रेवणप्पा उठले. लुगड्याची नीट घडी घातली, जशी महानंदा घालायची तशी, आणि वर्षाराणीच्या हातात दिली.

"मल्लू, परवा सकाळी निघू," ते म्हणाले. "आता हितं काय ऱ्हायलंय."

तीन महिने ज्या एका शब्दासाठी मल्लिकार्जुननं फोनवर घसा कोरडा केला, तो असा आपोआप मिळाला. त्यानं बायकोकडं बघितलं. त्या नजरेत कौतुक होतं, आणि वर्षाराणीला त्या क्षणी उज्वलाच्या शिव्या परवडल्या असत्या. त्याही मिळाल्या. चुलीपाशी आंबील ढवळताना उज्वला मान वर न करता म्हणाली, "वहिनी, मुद्दाम केलाव का?" वर्षाराणीनं चुलीत लाकूड सारलं. मुद्दाम केलं नाही हे खरं होतं. पण हवं होतं तेच झालं, हेही खरं होतं.

सकाळी उज्वलानं प्रयत्न केला. लुगडं वाळलं होतं. तिनं ते नेसलं, आईसारखा कासोटा घातला, आईच्या कानडीत "बारव्वा, बारव्वा", ये माय, ये माय, केलं. शेवरीनं अंग चोरलं. ताणलेली कास घेऊन ती या पायावरून त्या पायावर होत राहिली. उज्वला बाहेर आली ती डोळे पुसतच, आणि लुगडं सोडून तिनं दावणीवर टाकलं.

येळवस कुणासाठी थांबत नाही. रेवणप्पांनी कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. दरवर्षी ती विहिरीपाशी असायची, यंदा कुणाला न विचारता लिंबाखाली, समाधीला लागून. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडले. उज्वलानं आंबिलीची बिंदगी डोक्यावर आणली. आंबिलीत चार दिवस साठवलेलं शेवरीचंच ताक होतं. सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली, हरबोलाचा गजर झाला, रेवणप्पांनी ज्वारीत, हरभऱ्यात चारी कोपऱ्यांना आंबील शिंपली. चौथ्या कोपऱ्यात समाधी होती. तिथं त्यांनी बिंदगी थोडी जास्तच कलती केली.

जेवायला केरबा बायकोसह आला होता. खांद्यावर नवं करकरीत दावं. गाय दुसऱ्याच्या दावणीला जाते तेव्हा घरचं दावं तिच्याबरोबर देत नाहीत, नेणाऱ्यानं आपलं आणायचं असतं. त्यानं आधी गोठ्यात जाऊन ते दावं खांबाच्या मोकळ्या खिळ्याला अडकवलं, मग शेवरीच्या कासेला हात लावला आणि तसाच लिंबाखाली आला.

"आप्पा, कास दगड झालीय की. दोन येळा चुकल्याव. सांजची चुकली तर सड बसतेत. मग ती गाय कुणाच्याच कामाची न्हाई."

मल्लिकार्जुननं डॉक्टरला फोन लावला. येळवशीच्या दुपारी डॉक्टर सापडणार कुठं? कुणाच्या तरी शेतात आंबील पिऊन झोपला असणार. तिकडून घोरण्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

रेवणप्पांनी घास खाली ठेवला होता. जमादार त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. त्याच्या पुढ्यात अख्खा उंडा होता आणि तोही त्यानं तोंडाला लावला नव्हता. वर्षाराणी समाधीच्या कडेला बसून ते दोघं बघत होती आणि कालची संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवत होती. गाईनं मान वळवून लुगड्याकडं बघितलं होतं. म्हणजे लुगडं तिनं ओळखलं होतं. वास गेला तरी रंग तोच, काठ तोच. मग ती कशाची वाट बघत होती? आणि आप्पांनी तोंड उघडून मिटलं ते का? रोज ते एकटे असायचे. काल आम्ही सगळे उभे होतो.

ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, तुम्ही रोज नुसतं लुगडं पांघरून बसत नव्हते ना? काय करून राहिले होते?"

रेवणप्पांनी पोरांकडं बघितलं. मग जमिनीकडं.

"याडपणा हाय तो."

"असू द्या. गाय मरतीय."

 म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. चालता चालता म्हणाला की गाय ठणक्यानं लाथा झाडणार, डोकं धरायला एक माणूस लागेल. "तू नको. उज्वलाला धाड."

"मी धरते."

"तू नको म्हणलालो ना," ते म्हणाले. इतक्या वर्षांत सुनेला त्यांनी कधी असं तोडून सांगितलं नव्हतं. पण ती चालतच राहिली, आणि गोठ्याच्या दारातही ती बाजूला होईना, तेव्हा त्यांनी श्वास सोडला. "मग दार लाव. अन् तिकडं तोंड कर. माझ्याकडं बघू नगंस."

तिनं दार लावलं. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. फटीतून त्याचे पट्टे गाईच्या पाठीवर पडले होते. तिनं शेवरीच्या मानेला मिठी घातली आणि भिंतीकडं तोंड केलं. पाठीमागं लुगडं झटकल्याचा आवाज झाला, चरवी ठेवल्याचा झाला. मग काहीच नाही. आणि मग आवाज आला.

"बारव्वा, बारव्वा. हालु कोडव्वा."

आवाज रेवणप्पांचाच होता, घोगरा. पण चाल महानंदाची होती. शेवटचा शब्द तसाच लांबवलेला, मध्ये तसाच सुस्कारा.  आधी कानडीच चाललं, दूध दे माय एवढंच वर्षाराणीला कळणारं. शेवरीचे कान मात्र मागं वळले. मग रेवणप्पांचं कानडी संपलं असावं, कारण पुढं ते मराठीवर आले. बोलत मात्र तीच होती.

"म्हातारं आज जेवलं न्हाई बग. उंडा तसाच ठिवला ताटात. सकाळची भाकर करपवली अन् मलाच नाव ठिवलालंय. करून घालायला मी काय आता बसलेय व्हय? भस्म तेवढं नीट लावतंय, बाकी सगळं हौदात. च्यात साखर टाकायची म्हणलं तर मीठ टाकून बसलं परवा, अन् पिलं तसंच. सांगावं कुणाला? तुला सांगतेय."

वर्षाराणीला हसू आलं. हा माणूस रोज दोन वेळा इथं बसून बायकोच्या तोंडानं स्वतःची गाऱ्हाणी करत होता. ती असती तर जे जे बोलली असती ते तो तिच्यासाठी बोलत होता, म्हणजे तिचं बोलणं बंद पडायला नको. धुतलं गेलेलं लुगडं त्यामानानं काहीच नव्हतं.

"मल्लू आलाय. पोट सुटलंय त्याचं, पर झोप न्हाई पोराला, डोळे सांगलालेत. उज्वला आली, लई वाळली गं. भांडती, पर जीव हाय तिचा." आवाज थोडा थांबला. हाताची हालचाल चालूच होती. पुढचं आलं ते हळू. "वर्षा येते म्हणली व्हती. दोन दिवस येते म्हणली व्हती महालक्ष्म्याला. म्या रोज फाटकाकडं बघत व्हते. जमादार भुकला की उठून बघायचे. आली न्हाई."

रेवणप्पांचा हात थांबला. आता गोठ्यात फक्त गाईचा श्वास होता. आत्यांनी तो फोन केला तेव्हा आप्पा शेजारच्या बाजेवर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे वर्षाराणीला आत्ता कळलं. तीन महिने रोज दोन वेळा तिचं नाव इथं निघत होतं. नको म्हणत होते ते यासाठीच.

ती वळली नाही. गाईच्या मानेत तोंड तसंच ठेवून ती म्हणाली, "आले, आत्या. उशीर झाला. लई उशीर झाला. पण आले."

 शेवरीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि तिची ताठ मान वर्षाराणीच्या खांद्यावर सैल पडली. धार नेमकी कधी लागली ते तिला सांगता आलं नसतं. आधी चरवीच्या तळाशी एक बारीक वाजणं झालं, मग दुसरं, मग भरल्या चरवीचा तो जाड, घुमणारा आवाज. पत्र्याखालच्या फटीतून बेगम अंग चोरत आत आली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"आलीस तर," मागून तोच आवाज म्हणाला, आता जरा ओला, "दोन दिवस ऱ्हा. दोनच म्हणले व्हते म्या."

"राहते."

चारही सड मोकळे झाले. मग लुगडं काढल्याचा आवाज झाला आणि रेवणप्पा आपल्या नेहमीच्या आवाजात, कोरडेपणानं म्हणाले की आता बघायला हरकत नाही. त्यांनी चरवीतला वरचा फेस बेगमच्या वाटीत ओतला. लुगड्यावर शेणाचा एक ओघळ आला होता, पदरावर दूध उडालं होतं. त्यांनी तो पदर चिमटीत धरला आणि लुगडं तिच्या हातात दिलं.

दार उघडलं तेव्हा सगळे बाहेर उभे होते, मल्लिकार्जुन सर्वांत पुढं, केरबा मागं. त्यानं आतलं किती ऐकलं होतं कोण जाणे. रेल्वेतला माणूस, पण त्याचा चेहरा या क्षणी सुटलेल्या गाडीमागं पळणाऱ्या पोरासारखा झाला होता. उज्वला त्याच्या दंडाला धरून उभी होती. काल दुपारपासून दोघं एकमेकांच्या जवळ उभे राहिले नव्हते.

"आप्पा रोज असंच..." त्यानं विचारायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

"तुम्ही उद्या निघा," वर्षाराणी त्याला म्हणाली. "शाळेला मी फोन करते. आप्पांचं काय ते नंतर बघू. मी दोन दिवस राहणार आहे."

बघू म्हणजे काय, हे आज त्याला कळलं. त्यानं मान हलवली आणि बापाच्या हातातली चरवी घेतली.

लुगडं वर्षाराणीच्या हातात होतं. ते ठेवायला ती आत वळली, तर खिळ्यावर केरबाचं नवं दावं होतं. तिनं ते काढलं, दारात येऊन केरबाच्या खांद्यावर परत ठेवलं, आणि मळलेलं लुगडं तसंच, न झटकता, खिळ्याला टांगलं.